आतून न उघडणारे दार

भाऊजींना लग्नसमारंभाला न्यायचे नाही, हे ताईने आणि मी फार पूर्वीच ठरवले होते. तरी एकदा चूक झालीच. माझ्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात भाऊजी जेवताना नेमके साहेबांच्या शेजारी बसले आणि, या नव्या जोडप्याच्या नातवंडांना घरात वायर ओढायला तांबे उरणार नाही, असे त्यांना समजावून सांगू लागले. साहेब आधीच घामाघूम झालेले. त्यांनी विचारले, "मग काय करायचं म्हणता?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "इथून निघायचं." साहेबांना वाटले पाहुणे कंटाळले. त्यांनी ताबडतोब आमच्यासाठी गाडी बोलावली आणि आम्हाला अर्ध्या जेवणावरून उठावे लागले. गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून बसली. भाऊजी मात्र म्हणाले, "समंजस माणूस आहे. लगेच पटलं त्यांना."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने कोल्ड स्टोरेजमधले मेकॅनिक. गल्लीतली पोरे त्यांना 'रॉकेटकाका' म्हणतात, आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही. एकदा त्यांनी पोरांना थांबवून बजावले होते, "रॉकेट ही शेवटची गोष्ट आहे. आधी राहायला शिका." पोरे पळून गेली. मी आता निवृत्तीला टेकलो आहे. भाऊजींची ही वाक्ये ऐकत माझे केस पांढरे झाले, आणि मला पळायची सोय नव्हती.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आले, ते मला माहीत आहे. भाऊजी कोल्ड स्टोरेजमध्ये उमेदवार म्हणून लागले आणि मुख्य मेकॅनिक म्हणून बाहेर पडले. निवृत्त झाले म्हणून नव्हे, कोल्ड स्टोरेजच बंद पडले म्हणून. बटाटे आणि सफरचंदे थंड ठेवायची तर यंत्र तापते, आणि यंत्र निववायला पाणी लागते. ते पाणी आवारातल्या विहिरीचे. भाऊजी नवे होते तेव्हा विहिरीत वाकले की आपले तोंड दिसायचे. काही वर्षांनी तोंड दिसेना, नुसता बादलीचा आवाज यायचा. मग बोअर मारली. ती आटली तेव्हा दुसरी, आणखी खोल. तिसरीतून काही दिवस गढूळ पाणी आले आणि मग नुसता वारा. शेवटी टँकर आले, आणि टँकरच्या पाण्यावर बटाटे थंड ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. यंत्रे भंगारात गेली. विहिरीत लोकांनी मोडकी फळकुटे टाकली.

"त्या विहिरीशी कोणी वाईट वागलं नव्हतं," भाऊजी नेहमी म्हणतात. "रोज थोडं थोडंच घेतलं."

इथवर ठीक होते. माणसाची नोकरी गेली, वाईट वाटणारच. पण भाऊजी घरी बसून विचार करू लागले, आणि तिथे सगळा घोटाळा झाला. जे विहिरीचे झाले तेच तेलाचे होणार, तांब्याचे होणार, ज्या खतावर गहू पिकतो त्या खताचेही होणार, असे त्यांनी आम्हाला सांगायला सुरुवात केली. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मी म्हटले, "अहो, मग जपून वापरायचं. शिल्लक टाकायची."

"हिशेबनीस," भाऊजी म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात. "जिथे जमेची बाजूच नाही, तिथे शिल्लक किती दिवस पुरते? काटकसरीने मरण लांबतं, टळत नाही. माणसाला कधी ना कधी दुसरं घर बघावं लागणार. शंभर वर्षांनी म्हणा, पाचशे वर्षांनी म्हणा. आणि त्या घरी विहीर नसणार. बरोबर नेलं तेच धुऊन, गाळून, पुन्हा पुन्हा वापरावं लागणार. रॉकेट करणारे करतील रे. पण तिथे राहायचं कसं, हे कोण शिकणार?"

"तुम्ही?"

"कोणीतरी सुरुवात करायची."

यात चिडण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. माणूस बोलत होता ते खोटे नव्हते. मी वर्तमानपत्र वाचतो, मलाही थोडेफार कळते. पण जो माणूस सकाळी दात घासल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत बरोबरच असतो, त्याच्या घरी चार घटका बसून बघावे. शिवाय ही सुरुवात ताईच्या घरात झाली होती. आंघोळीचे पाणी पिंपात, पिंपातले झाडांना. पाहुण्याने हात धुवायला नळ सोडला की मागून भाऊजींचा आवाज, "पुरे!" एक बाई दचकून साबणाचे हात तसेच घेऊन घरी गेली. जन्मभर लोकांच्या वस्तू थंड ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरातला फ्रिज बंद करून त्यात बियाणे ठेवले. ताई एकदा माझ्यापाशी म्हणाली, "विहीर आटली त्यांची, आणि शिक्षा मला."

मग त्यांनी गच्चीवरची खोली हाती घेतली.

पत्र्याचे छप्पर, एक खिडकी, एवढीच ती खोली. भाऊजींनी खिडकी बुजवली, भिंतींना आतून जाड थर्माकोल लावला, छपरावर सोलर पॅनेल बसवले. बादल्यांत माती भरून बटाटे लावले. एका कोपऱ्यात थंड नळीचे वेटोळे बसवले. खोलीतल्या हवेतला दमटपणा त्यावर थेंबाथेंबाने जमायचा आणि खाली बरणीत पडायचा. या कामात मात्र त्यांचा हातखंडा होता, आणि बरणी भरताना पाहून मलाही बरे वाटले, पण मी ते बोललो नाही. मलमूत्राची जी व्यवस्था त्यांनी केली होती, तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यांनी मला ती जेवायच्या आधी सांगितली होती.

"आणि हवा?" मी विचारले.

"हवा बाहेरून नळीने. तो टप्पा नंतरचा. आधी पाणी आणि पोट."

"म्हणजे मंगळावर नळी टाकायची पृथ्वीपर्यंत."

"तू तुझे व्हाउचर तपास," भाऊजी म्हणाले.

खोलीला दार बसवले ते त्यांच्या जुन्या कोल्ड स्टोरेजचे. भंगारवाल्याकडून ते परत आणले. ते दार वर चढवताना चार हमालांनी आम्हाला आणि भाऊजींना यथेच्छ शिव्या घातल्या आणि जिन्याचा कठडा मोडला. हातभर जाड, पत्र्याने मढवलेले, मधे छोटीशी काच. अशा दाराला आतून एक दांडा असतो. तो ढकलला की दार उघडते. आत माणूस अडकू नये म्हणून ती सोय असते. भाऊजींनी तो दांडा काढून टाकला होता.

मी म्हटले, "अहो, हे काय? आतून उघडणार कसं?"

"उघडणारच नाही."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"आतून उघडत असलं की माणूस उघडतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच उघडतो. जरा कंटाळा आला, जरा पाठ दुखली, की म्हणतो, चला, जरा खाली जाऊन चहा पिऊन येऊ. दार आहे हे माहीत असलं की कोणी शिकत नाही. तिथे दार उघडून जाणार कुठे?"

"पण काही झालं तर?"

"दारावर माणूस असतो की."

त्यांच्या धंद्याची ही रीत होती. कोल्ड स्टोरेजमध्ये आत एकट्याने कधी जायचे नाही. एक आत, एक दारावर. दारावरच्याने थोड्या थोड्या वेळाने तळहाताने दारावर थाप मारायची, आतल्याने तशीच थाप मारून उत्तर द्यायचे. थापेला थाप आली नाही, तर दार उघडून आत धावायचे. भाऊजींचा जोडीदार आणि ते अशी कित्येक वर्षे एकमेकांच्या थापा ऐकत जगले. जोडीदार आता मुलाकडे परदेशी राहायला गेला होता. त्यामुळे दांडा काढताना भाऊजींना जराही भीती वाटली नाही. दारावर माणूस असतोच, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते.

तेवढ्यात ताई वर आली. तिने खोलीत डोकावून पाहिले. आत एकच खाट होती.

"मी कुठे झोपणार?" तिने विचारले.

"तू दारावर," भाऊजी म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिले. "बघितलंस? अख्खी मानवजात वाचवायला निघालेत, आणि मानवजातीत मी नाही."

"अगं, तुझ्याशिवाय जमणारच नाही. सगळा भरवसा दारावरच्या माणसावर असतो."

"असं का? मग तुमच्या त्या मंगळावर दारावर कोण बसणार आहे?"

भाऊजी त्या वेटोळ्यावरचे थेंब बघू लागले. "तो टप्पा नंतरचा," ते अखेर म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण हे सगळे हसण्यावारी नेता आले असते, जर त्याच हिवाळ्यात छोटीचे दिवस भरत नसते.

छोटी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. दुसऱ्या शहरात असते. टॅक्सीने गेले तर अर्ध्या दिवसाचा रस्ता. नवऱ्याची पाळीची नोकरी, सासूबाई हयात नाहीत. त्याआधी एकदा तिला दिवस गेले होते आणि ते मूल राहिले नाही. त्या दिवशी फोन आला तेव्हा भाऊजी गच्चीवर पत्रा बसवत होते आणि ताई शिडी धरून उभी होती. "एवढा खिळा होऊ दे," असे भाऊजी दोनदा म्हणाले. दुपारची बस चुकली, संध्याकाळची मिळाली. ताई पोचली तेव्हा छोटी भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि खोलीत नर्सशिवाय कोणी नव्हते. ताई लवकर पोचली असती तरी मूल राहिले असते असे नाही. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. पण ताईने ते कधी मनावर घेतले नाही, आणि त्या खिळ्याबद्दल ती भाऊजींना कधी काही बोललीही नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

या खेपेला ती म्हणाली, "मी महिनाभर आधी जाणार."

"जा की," भाऊजी म्हणाले. "तारखेला अजून दोन महिने आहेत. त्याआधी माझे दोन आठवडे होऊन जातील."

"ते नंतर करा. बाळ झाल्यावर."

"बटाटे तयार आहेत. ऊन आत्ता बरोबर आहे. बटाटे थांबायचे नाहीत."

"आणि बाळ थांबेल?"

"डॉक्टरनी तारीख दिलीय ना?"

यंत्राच्या पाटीवर जो आकडा छापलेला असतो, त्यावर भाऊजींचा जसा विश्वास, तसा या तारखेवर. मी मधे पडलो. म्हटले, मी रजा काढून दारावर बसतो, ताईला जाऊ द्या. भाऊजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "तू खुर्चीवर टेकलास की घोरतोस. मी आत आणि तू दारावर? त्यापेक्षा दार वेल्ड करून टाक." माझी बायको शेजारीच होती, तिने नको तेव्हा मान डोलावली.

शेवटी ताई कबूल झाली. का झाली, हे मला आजही कळलेले नाही. तीन वर्षे त्या माणसाला बादल्या वाहताना तिने पाहिले होते, म्हणून असेल. भाऊजींनी तिच्याकडून शब्द घेतला. "थापेला उत्तर आलं नाही, तरच उघडायचं. मी आतून उघड म्हणालो, तरी उघडायचं नाही. माणूस चार दिवसांनी म्हणतोच. तू ऐकायचं नाहीस."

"दिला शब्द," ताई म्हणाली. "एकदाचं होऊन जाऊ दे."

भाऊजी आत गेले, ताईने दार लोटून कडी घातली. दार इतके जाड की आवाज आरपार जात नसे. बोलायचे तर काचेसमोर पाटी धरून लिहायचे. एक पाटी आत, एक बाहेर. ताईने दारापुढे खुर्ची टाकली आणि संसार तिथे मांडला. भाजी तिथेच निवडायची, फोन तिथेच, आणि मधूनमधून उठून दारावर थाप. हात पिठाचे असले की लाटण्याने ठोकायची. शेजारची एक बाई मला जिन्यात हळूच विचारून गेली, "दोघांचं काही बिनसलंय का हो? त्यांना कोंडून घातलंय म्हणे." मी म्हटले, "नाही, त्यांनी स्वतःला कोंडून घेतलंय." बाईचे समाधान झाले नाही.

दुसरा आठवडा बराचसा सरला होता. आमच्या ऑफिसात त्या दिवशी ऑडिटर बसले होते. सगळ्या फायली माझ्या टेबलावर, ऑडिटर माझ्या समोर, आणि फोन वाजला.

"अरे, छोटीला ॲडमिट केलंय," ताई म्हणाली. "पाणी गेलंय तिचं. तू ये आणि दारावर बस, मी निघतेय."

"दारावर कशाला बसायचं? उघड ना सरळ!"

"मी शब्द दिलाय."

"ताई, ही काय वेळ आहे शब्द पाळायची?"

"तू नाही ना दिलेलास? मग लवकर ये." आणि तिने फोन ठेवला.

मी ऑडिटरना म्हटले, घरी अडचण आहे, जावे लागेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "कसली अडचण?"

"मेहुणे आत अडकलेत."

"लिफ्टमध्ये?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत ऑडिट चालू असताना टेबल सोडून मी कधी उठलो नव्हतो.

गच्चीवर पोचलो तेव्हा ताई पिशवी भरून उभी होती. खाली टॅक्सी आलेली. तिने मला पाटी आणि खडू दिला.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"मी सांगितलं असतं आणि ते उघड म्हणाले असते, तर मला उघडता आलं नसतं." ती पिशवीचा बंद गुंडाळू लागली. "आणि म्हणालेच नसते, तर..." तिने पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "नुसतं कळव. बाहेर या म्हणू नकोस, भांडू नकोस. काय म्हणतात ते मला तिथे येऊन सांग. खरं सांग." आणि जिना उतरून गेली. तिच्या गुडघ्यांना तो जिना सोसत नाही, एरवी ती एकेका पायरीला हुश्श करते. त्या दिवशी ती पोरीसारखी उतरली.

मी एकटा त्या दारापुढे उभा. खरे सांगायचे तर मला दोघांचाही संताप आला होता. एकाने दांडा काढला, दुसरीने शब्द दिला, आणि निस्तरायला मी. कडी माझ्या हाताशी होती. ओढली की संपले. पण ताईला जे हवे होते, ते कडी ओढून मिळणारे नव्हते, एवढे मलाही कळत होते.

मी थाप मारली. आतून थाप आली. काचेत भाऊजींचे तोंड दिसले. दाढी वाढलेली, चष्म्यावर वाफ. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी पाटी धरली: 'छोटी दवाखान्यात. वेळेआधी. ताई गेली.'

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांच्या पाटीवर लिहून काचेला लावले: 'कितीची बस?'

मी लिहिले: 'टॅक्सीने.'

त्यांनी लिहिले: 'मग पोचेल.'

आणि ते वळून खाटेवर जाऊन बसले. माझ्याकडे पाठ. माझे डोके असे भडकले म्हणून सांगू! मी दारावर दणादण हात आपटले. त्या माणसाने मागे वळूनही न पाहता भिंतीवर सवयीने एक थाप मारली. म्हणजे, ठीक आहे, जिवंत आहे. मी ओरडलो, पण माझे ओरडणे मलाच ऐकू आले. भांडू नकोस, असे ताईने बजावले होते. मी पाटी पुसली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि काचेला टेकवून उभा राहिलो: 'आणि तुम्ही?'

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली. उठून जवळ आले. दोन शब्द वाचायला माणसाला किती वेळ लागतो? ते वाचतच राहिले. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता आणि विरत होता. मग त्यांनी लिहिले: 'उघड.'

मी कडीला हात घातला. तोवर त्यांनी घाईघाईने खाली आणखी एक शब्द लिहिला: 'थांब.'

मी थांबलो. भाऊजींनी बरणीतले पाणी सगळ्या बादल्यांना वाटून घातले. एकेक बादली, सावकाश. वेटोळ्याची वायर काढली, खाटेवरची चादर घडी केली. बाहेर मी पाय आपटत उभा. मुलगी दवाखान्यात, आणि हा माणूस बटाट्यांचा निरोप घेतोय! शेवटी काचेशी आले आणि त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

दार उघडले तो ओल्या पोत्याचा आणि आणखी कशाकशाचा असा काही भपका आला की मी दोन पावले मागे सरलो. भाऊजी उंबऱ्यावर डोळे मिचकावत उभे राहिले.

"कडी नीट ओढलीस. मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "आंघोळ करून येतो."

"काही नको. चला."

टॅक्सीवाल्याने न सांगता चारी काचा खाली केल्या. थंडीने मी काकडलो. बराच रस्ता भाऊजी काही बोलले नाहीत. तांब्याबद्दल नाही, तेलाबद्दल नाही. पेट्रोल पंपाशी थांबलो तेव्हा मी वाट पाहिली, तरी नाही. मग एकदम म्हणाले, "चार दिवसांनी मी लिहिलं होतं तिला, उघड म्हणून."

"मग?"

"तिने मान हलवली. नाही म्हणाली." ते बाहेर बघत होते. "मला फार राग आला. मीच घेतला होता शब्द, तरी आला. त्या काचेतून दुसरं काही दिसत नाही रे, तिचं तोंडच दिसतं. भाजी निवडताना ती स्वतःशी बोलते, तुला माहीत होतं? ओठ हलतात नुसते. काय बोलते ते मला कळायचं नाही. एकदा पाटीवर लिहून विचारलं. म्हणाली, काही नाही, घाबरलेय."

"कशाला?"

"ते नाही लिहिलं तिने. मला वाटलं, माझ्यासाठी घाबरलीय." मग ते म्हणाले, "मी मूर्ख आहे का रे, हिशेबनीस?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला हा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर माझ्या जिभेवर कैक वर्षे तयार होते. पण टॅक्सीवाला ऐकत होता. मी म्हटले, "काच वर करू का?"

दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीबाहेर बाके होती. ताई एका बाकावर बसली होती, शेजारी पिशवी. जावई कामावरून यायचा होता. ताईने भाऊजींकडे पाहिले नाही. तिने मला विचारले, "कोण म्हणालं, उघड?"

"तेच म्हणाले."

"आपणहून? की तू विचारल्यावर?"

ती माझी बहीण आहे. हिशेब मी शिकलो, पण उलटतपासणी तिला जन्मतःच येते. क्षणभर वाटले, आपणहून म्हणून मोकळे व्हावे. कोणाचे काय जाते? भाऊजी माझ्या मागे उभे होते.

"मी विचारलं, 'आणि तुम्ही?'" मी म्हणालो. "एवढंच विचारलं. 'उघड' तेच म्हणाले."

"लगेच?"

"लगेच नाही."

ताईने हे सगळे मनात जुळवून पाहिले. मग पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली. भाऊजी त्या जागी बसले. ताईने नाकाला रुमाल लावला, पण सरकली नाही.

"या वेळी वेळेवर पोचलीस," भाऊजी खाली बघत म्हणाले.

"हो."

"त्या वेळी मी खिळा..."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "आता गप्प बसा. आत ती ओरडतेय, मला ऐकू दे."

मुलगी झाली. एवढीशी, पण रडण्याचा आवाज दणदणीत. काही दिवस काचेच्या पेटीत उबेला ठेवावे लागेल, बाकी काळजीचे काही नाही, असे डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. ताई पहिली आत गेली. छोटीने तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही, असे तिने मला नंतर सांगितले. भाऊजींना नर्सने दारातूनच परत पाठवले. आधी आंघोळ, कपडे बदला, मग या. आपल्याला कोणी आंघोळीला पाठवते आहे, या गोष्टीवर त्यांनी प्रथमच वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे छोटीच्या खाटेभोवती उभे होतो. भाऊजींच्या अंगात जावयाचा शर्ट होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. छोटीचे डोळे थकव्याने मिटत होते, तरी तिने विचारले, "बाबा, तुमचं पुरं झालं का हो?"

"नाही."

"थोडंच राहिलं होतं ना? आई म्हणाली."

"राहू दे," भाऊजी म्हणाले. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पुढच्या थंडीत बघू."

ताईने डोळे मिटले. "पुढच्या थंडीत मी इथे असणार. बाळाला सांभाळायला."

"दारावर मग कोण?"

"बसवा की नातीला! तोवर उठून बसायला लागेल ती."

छोटी हसली, जावई हसला. मीही हसलो. भाऊजींनी मात्र त्यावर खरोखरच विचार केला. त्यांच्या कपाळाची आठी मी ओळखतो.

"नुसतं बसून भागत नाही," ते म्हणाले. "थाप मारता यायला हवी."

मी ऑडिटरना फोन करायला बाहेर आलो.